ऑनलाइन प्रवेशअर्ज सॉफ्टवेअरमध्ये आपोआप कसे चढवायचे

बारावीचा निकाल लागला की पदवी महाविद्यालयाच्या कार्यालयात मान वर करायला फुरसत नसते. अर्ज ऑनलाइन येतात, पण सॉफ्टवेअरमध्ये जातात ते बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच. एका पडद्यावर गूगल शीट, दुसऱ्यावर प्रवेशाचे सॉफ्टवेअर, आणि मधे कॉपी-पेस्ट करणारा लिपिक. एका अर्जाला चार मिनिटे धरली तर दीड हजार अर्जांचे शंभर तास होतात. शिवाय शंभराव्या तासाला बैठक क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे होणारच, आणि त्याची शिक्षा मिळते ती विद्यार्थ्याला.

हे काम आपोआप करता येते. त्यासाठी मोठे सर्व्हर लागत नाहीत. अर्जांची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) देणारा फॉर्म, विंडोजचा एक सतत चालू राहणारा संगणक, थोडीफार पायथॉन येणारा एक माणूस आणि सॉफ्टवेअर पुरवठादाराचे सहकार्य एवढ्यावर भागते. पायथॉनचा माणूस बहुतेकदा महाविद्यालयाच्याच संगणकशास्त्र विभागात सापडतो. खालची पद्धत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी महाविद्यालय स्वतः जे अर्ज घेते त्यांची आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वगैरेंच्या याद्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप म्हणजे केंद्रीकृत प्रवेश फेरीतून तयार होऊन येतात. तिथे फॉर्मचा भाग गळतो, बाकीचे तसेच लागू पडते.

सगळ्या रचनेचा पाया एकच आहे: तीच फाइल दोनदा, दहादा चालवली तरी डेटाबेसमध्ये काही बिघडता कामा नये. वीज जाईल, नेट तुटेल, कोणीतरी घाईत बटण पुन्हा दाबेल. पुढचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून पाहा.

पुरवठादाराला आधी चार प्रश्न

सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये थेट लिहिण्याचा मोह टाळा. प्रवेश क्रमांक तयार होणे, शुल्काची खातेवही उघडणे, शैक्षणिक वर्षाशी जोडणी ही कामे सॉफ्टवेअर पडद्यामागे करत असते. थेट ओळ घुसवली तर विद्यार्थी यादीत दिसतो आणि पावती मात्र निघत नाही. म्हणून विचारा: आयातीसाठी टेम्प्लेट किंवा एपीआय (बाहेरच्या प्रोग्रामला माहिती आत देता येईल असे अधिकृत दार) आहे का? कोणते रकाने सक्तीचे आहेत? तोच अर्ज पुन्हा आला तर सॉफ्टवेअर काय करते? आणि चाचणीसाठी वेगळा डेटाबेस मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला नकार मिळाला तर तो मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

फॉर्म: निम्मी लढाई इथेच

जिथे निवड शक्य आहे तिथे विद्यार्थ्याला टाइप करायला लावू नका. मंडळ, उत्तीर्ण वर्ष, परीक्षेचा महिना, शाखा, प्रवर्ग, माध्यम हे सगळे ड्रॉपडाउन हवे. टाइप करू दिले की 'बी.कॉम.', 'बीकॉम' आणि 'कॉमर्स' असे एकाच गोष्टीचे पाच अवतार तयार होतात.

नाव एका रकान्यात घेऊ नका. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव असे चार रकाने ठेवा, आणि वर ठळक लिहा: 'बारावीच्या गुणपत्रकावर आहे तसेच'. आडनाव न लावणारे विद्यार्थी असतात, वडिलांचे नाव न लावणारेही असतात. ते दोन रकाने सक्तीचे केले तर मुले तिथे टिंब, रेघ किंवा 'एनए' लिहितात, आणि हे 'एनए' पुढे कसे छळते ते खाली येईलच.

गुणांसाठी मिळालेले गुण आणि पैकी गुण असे दोन रकाने ठेवा. टक्केवारी विद्यार्थ्याकडून घेऊ नका, ती प्रोग्रामने काढायची. राज्य मंडळाचे ६०० पैकी असतात, सीबीएसईच्या पाच विषयांचे ५०० पैकी. एका ठरावीक आकड्याने भागले की गुणवत्ता यादीच वाकडी होते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या प्रवेशपूर्व नोंदणीच्या क्रमांकासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

फॉर्म एकदा खुला केला की त्याला हात लावायचा नाही. गूगल फॉर्ममध्ये प्रश्न काढला तर शीटमधला जुना रकाना तसाच राहतो, नवा प्रश्न टाकला तर त्याचा रकाना सगळ्यात शेवटी जातो, प्रश्नाचे शब्द बदलले तर शीर्षक बदलते. रकाने 'पाचवा, सहावा' असे मोजून वाचणारा प्रोग्राम मग आईच्या नावाच्या जागी मोबाइल भरतो. म्हणून प्रोग्रामने रकाने शीर्षकावरून ओळखावेत, आणि शीर्षकांची यादी ठरलेल्या यादीशी तंतोतंत जुळली नाही तर एकही ओळ न वाचता थांबावे.

फाइल एक्सेलमध्ये उघडू नका

सर्वात जास्त नुकसान इथे होते. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक केले की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि 'सेव्ह' म्हटले की कायमची बिघडते.

मुंबई विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, १६ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतो, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतो. रकाना रुंद केला तरी तो अंक परत येत नाही. बारा अंकी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा क्रमांक) तर ई-अधिक-अकरा अशा शेपटीच्या रूपात दिसतो, आणि सीएसव्ही जतन करताना एक्सेल दिसते तेच लिहितो, म्हणजे शेवटचे अंक गेलेच. सुरुवातीचे शून्य असलेले क्रमांक शून्य गमावून बसतात.

फाइल पाहायचीच असेल तर तिची प्रत काढा, एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून मजकूर म्हणून आयात करा आणि सगळ्या रकान्यांचा प्रकार 'टेक्स्ट' निवडा. मूळ फाइल 'आलेल्या' या फोल्डरमध्ये केवळ-वाचन ठेवून द्या.

पायथॉनमध्ये पांडाज या लायब्ररीने फाइल वाचताना तीन गोष्टी पाळा. एक, सगळे रकाने स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणूनच वाचा. दोन, रिकाम्या जागांची स्वयंचलित ओळख बंद करा, नाहीतर 'एनए' हा इंग्रजी मजकूर पांडाज गहाळ माहिती समजून पुसून टाकतो. मग सक्तीचा रकाना रिकामा म्हणून अर्ज अडतो, आणि फॉर्ममध्ये तर तो भरलेला दिसतो. तीन, एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. काही फाइलींच्या सुरुवातीला बॉम नावाचे अदृश्य चिन्ह असते, ते पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते. डोळ्यांना 'अर्ज क्रमांक' दिसते आणि प्रोग्राम म्हणतो, असा रकानाच नाही. नवख्या माणसाची अख्खी दुपार यात जाऊ शकते.

स्वल्पविरामावर ओळ तोडणारा स्वतःचा कोड लिहू नका. पत्त्यात स्वल्पविराम असतात, नवी ओळही असते. सीएसव्ही वाचणारी तयार लायब्ररीच वापरा.

कच्चा तक्ता आणि छाननी

फाइलमधली प्रत्येक ओळ आधी एका कच्च्या तक्त्यात जशीच्या तशी टाका. सोबत फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि आयातीची वेळ नोंदवा. सुधारणा, कातरछाट सगळी त्यापुढच्या तक्त्यात करायची. 'मी फॉर्ममध्ये वेगळेच भरले होते' असे सांगत पालक काउंटरवर येतात, तेव्हा हा कच्चा तक्ता उघडून दोन मिनिटांत उत्तर देता येते.

डेटाबेसची अक्षरपद्धत यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा, आणि जोडणीचीही तीच. मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी यूटीएफ-८ देवनागरी सांभाळते, पण पत्त्यात कोणी इमोजी टाकला तर तिथे अडखळते. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तो मजकूर गेला, पुन्हा आयात करावी लागेल. उलट टोप्या-मात्रा लावलेली विचित्र रोमन अक्षरे दिसली तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातो.

मग छाननी. नावाच्या मागेपुढे आणि मधे असलेल्या जादा मोकळ्या जागा काढा, वेबवरून कॉपी करताना येणारी न तुटणारी मोकळी जागाही काढा. मराठी नावांत 'ॲ' हे एकसंध अक्षर आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेले अक्षर संगणकाला वेगळी वाटतात. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत, त्यामुळे ती स्वतः बदलून एकाच रूपात आणावी लागतात. नाहीतर तेच नाव शोधल्यावर सापडत नाही.

मोबाइल तपासताना पायथॉनचे 'कोणताही अंक' हे चिन्ह वापरू नका, 'इंग्रजी शून्य ते नऊ' असा स्पष्ट पल्ला द्या. पायथॉनच्या लेखी देवनागरी आकडेही अंकच असतात. मराठी कीबोर्डवरून भरलेला मोबाइल तपासणीतून सुखरूप निसटतो आणि एसएमएस पाठवताना अडकतो. आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदला, मग दहा मोजा. राज्य मंडळाच्या बारावीच्या बैठक क्रमांकात एक इंग्रजी अक्षर आणि सहा अंक असतात. अंकांच्या जागी इंग्रजी 'ओ' आला असेल तर प्रोग्रामने तो परस्पर शून्य करू नये, ओळ अडवून दाखवावी. अंदाजाने केलेली दुरुस्ती पुढे कोणालाच सापडत नाही.

तारखेचा घोळ फार फसवा असतो. शीटचे लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा लिहायच्या ती सेटिंग) अमेरिकेचे राहिले असेल तर ५ जुलै २००७ ही तारीख महिना आधी धरून ७/५/२००७ अशी बाहेर पडते. प्रोग्राम दिवस आधी धरत असेल तर बारा तारखेनंतर जन्मलेल्यांचे अर्ज अडतात, कारण तेरावा महिना नसतो. पण १ ते १२ तारखेला जन्मलेल्यांचे अर्ज चुकीच्या तारखेने गुपचूप चढतात. लोकेल भारत करा, आणि प्रोग्रामला एकच ठरावीक साचा सांगा. तारीख 'ओळखून घे' असे कधीही सांगू नका.

वेळेचेही तसेच. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचा सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ नोंदवत असेल तर ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मुदत १० जूनच्या मध्यरात्री संपली आणि अर्ज ११ जूनला पहाटे दोनला आला, तर नोंदीत तो १० जूनच्या रात्री साडेआठचा दिसतो. उशिरा आलेला अर्ज मुदतीत धरला जातो आणि मग तक्रार होते.

प्रवर्गाच्या रकान्यापाशी थांबा

महाराष्ट्रात हा रकाना चुकला तर विद्यार्थ्याची हक्काची जागा जाते. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती-अ ३, भटक्या जमाती-ब २.५, क ३.५, ड २, इतर मागासवर्ग १९, विशेष मागास प्रवर्ग २, त्याशिवाय एसईबीसी १० आणि ईडब्ल्यूएस १० टक्के. फॉर्मवरचा मजकूर आणि सॉफ्टवेअरचा कोड यांची एक जुळणी-सारणी बनवा आणि ती प्रवेश समितीकडून तपासून, सही घेऊन ठेवा. भटक्या जमातींच्या ब, क, ड मध्ये गल्लत झाली तर ती यादी लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सारणीत नसलेले मूल्य आले तर काय करायचे? बरेच प्रोग्राम अशा वेळी 'खुला' हे मूल्य आपोआप भरतात. हे कदापि करू नका. रकाना रिकामा असो वा अनोळखी, ती ओळ अडकलेल्यांच्या यादीत गेलीच पाहिजे आणि माणसाने फोन करून विचारले पाहिजे. प्रवर्ग आणि दाखला हे दोन वेगळे रकाने ठेवा. अर्ज करताना अनेकांचा नॉन-क्रीमिलेअर दाखला यायचा असतो, म्हणून दाखल्याची स्थिती 'आहे', 'अर्ज केला आहे', 'नाही' अशी घ्या आणि प्रवर्ग त्यावरून बदलू नका. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागत नाही, त्यांच्या ओळी त्यासाठी अडवू नका.

ओळख कशावरून ठरवायची

मोबाइल किंवा ईमेल ही विद्यार्थ्याची ओळख धरू नका. गावाकडची मुले सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत जाऊन अर्ज भरतात, आणि चालक घाईत स्वतःचाच मोबाइल टाकतो. एका क्रमांकावर चाळीस अर्ज असू शकतात. जुळ्या भावंडांची जन्मतारीख, आडनाव, आईचे नाव, मोबाइल सगळे एकच असते.

अर्जाची ओळख म्हणजे अर्ज क्रमांक. व्यक्तीची ओळख म्हणजे मंडळ, वर्ष, परीक्षेचा महिना आणि बैठक क्रमांक हे चारही एकत्र. महिना हवाच, कारण फेब्रुवारी-मार्चची परीक्षा वेगळी आणि पुरवणी वेगळी. पहिल्यावर डेटाबेसमध्ये अनन्यतेचे बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदता येणार नाही. दुसरी जुळली तर फक्त 'दुबार असावा' अशी खूण करा आणि निर्णय माणसावर सोपवा, कारण एकाच विद्यार्थ्याने दोन शाखांना अर्ज करणे गैर नाही.

पुन्हा आलेल्या ओळीसाठी मायएसक्यूएलची 'रिप्लेस' आज्ञा सोपी वाटते, पण ती जुनी ओळ पुसून नवी घालते. कागदपत्रे आणि शुल्काचे तक्ते त्या ओळीला बांधलेले असतील आणि 'सोबत पुसा' असा नियम असेल तर तेही जातात. 'इन्सर्ट, ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' हीच वापरा. मूल्ये पॅरामीटर म्हणून द्या, मजकूर जोडून आज्ञा तयार करू नका. वसईचा किंवा गोव्याचा एखादा डिसूझा इंग्रजीत अॅपॉस्ट्रॉफी घालून आडनाव लिहितो, आणि जोडून बनवलेली आज्ञा तिथेच तुटते.

लिपिकाने मूळ गुणपत्रक पाहून जो रकाना तपासला, त्यावर आयातीने पुन्हा लिहू नये. प्रत्येक अर्जाला 'पडताळणी झाली' ही खूण ठेवा. ती असेल तर नवा बदल थेट न चढता मंजुरीसाठी थांबावा.

शुल्क आणि छायाचित्रे

अर्जाचे पैसे ऑनलाइन पेमेंट गेटवेमार्फत घेत असाल तर विद्यार्थ्याच्या ब्राउझरवर 'यशस्वी' दिसले यावर विसंबू नका. पैसे कापले जातात आणि पान परतत नाही, हे निकालानंतरच्या गर्दीत रोजचे असते. गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारी सूचना आणि दिवसाअखेरचा अहवाल यांवरून जुळणी करा. तीच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून व्यवहार क्रमांकावरही अनन्यतेचे बंधन हवे. काही गेटवे रक्कम पैशांत देतात: ५०००० म्हणजे ५०० रुपये. जुळणी न झालेला व्यवहार 'प्रलंबित' ठेवा. 'अयशस्वी' दिसले की विद्यार्थी पुन्हा पैसे भरतो.

छायाचित्राला अर्ज क्रमांकाचेच नाव द्या. आयफोनवरून येणारी एचईआयसी फाइल बरीच सॉफ्टवेअर उघडत नाहीत, ती जेपीजीत बदला. बदलताना आडव्या-उभ्याची खूण लक्षात घ्या, नाहीतर ओळखपत्रावर विद्यार्थी आडवा येतो.

वेळापत्रक

प्रत्येक अर्ज येताच आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे ट्रिगर, आकर्षक दिसतो. पण विद्यार्थ्याने भरलेला गूगल फॉर्म सुधारला की ट्रिगरला फक्त बदललेली उत्तरे मिळतात, बाकीची रिकामी येतात. ती तशीच चढवली तर चांगली माहिती पुसली जाते. दर अर्ध्या तासाला पूर्ण फाइल घेणे कमी देखणे, पण भरवशाचे. फाइल पूर्ण वाचायला काही सेकंद लागतात आणि दोनदा चालवली तरी बिघडत नाही, मग घाई कशाला?

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'वापरकर्ता लॉगिन असो वा नसो' हा पर्याय निवडा, नाहीतर संध्याकाळी लिपिकाने लॉगआउट केले की काम थांबते. झेडसारखे जोडलेले ड्राइव्ह त्या अवस्थेत दिसत नाहीत, म्हणून सर्व्हरचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. शेड्युलरचा 'शून्य' हा निकाल म्हणजे प्रोग्राम संपला एवढेच. चूक झाल्यावर प्रोग्रामने शून्येतर कोड देऊन संपावे आणि ईमेल पाठवावा. रोज सकाळी 'सगळे ठीक' असाही ईमेल येऊ द्या, कारण संगणकच बंद पडला तर चूक कळवणारा ईमेल पाठवायला कोणी उरत नाही.

दररोज एकदा ताळा घ्या. फॉर्मवरच्या अर्जांची संख्या ही चढलेले, अडकलेले आणि चाचणीचे यांच्या बेरजेएवढी भरली पाहिजे. संख्येबरोबर मिळालेल्या गुणांची एकूण बेरीजही दोन्हीकडे काढा. संख्या जुळते आणि बेरीज जुळत नाही, तर कुठेतरी रकाना सरकला आहे.

सुरू करण्यापूर्वी

पंचवीस-तीस खोटे अर्ज भरा आणि त्यांत मुद्दाम सगळे खोडे घाला: आडनाव नसलेला, अॅपॉस्ट्रॉफीवाला, देवनागरी मोबाइलवाला, सीबीएसईचा, पुरवणी परीक्षेचा, प्रवर्ग रिकामा, पत्त्यात नवी ओळ, १६ अंकी पीआरएन, आणि पहाटे दोनला भरलेला. फाइल तीनदा चालवा. तिसऱ्या वेळी नवी ओळ शून्य आणि बदललेली ओळ शून्य असा अहवाल यायला हवा. मग चालू फेरीचे पहिले दोन दिवस रोज वीस अर्ज उचलून सॉफ्टवेअरमधली माहिती अपलोड केलेल्या गुणपत्रकाशी डोळ्यांनी ताडून पाहा.

जात, उत्पन्न आणि मोबाइल असलेल्या या फाइली कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका, डाउनलोड्समध्ये पडू देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी महाविद्यालयावर टाकली आहे. आधार क्रमांक अर्जाच्या टप्प्यावर मागूच नका.

अडकलेल्या अर्जांची यादी रोज सकाळी दहाला एका ठरलेल्या टेबलावर गेली पाहिजे: अर्ज क्रमांक, नाव, मोबाइल, आणि 'प्रवर्ग रिकामा' किंवा 'बैठक क्रमांकात सहा अंक नाहीत' असे साध्या मराठीत कारण. आधी कॉपी-पेस्ट करणाऱ्या लिपिकाचे काम आता ते. मोबाइल नेट कॅफेचा निघाला तर गावाचा पत्ता पाहून त्याच तालुक्यातल्या जुन्या विद्यार्थ्याकडे निरोप द्या, आणि यादी लागण्याच्या आदल्या संध्याकाळी पाचला ही यादी कोरी झाल्याची सही प्रवेश समितीच्या प्रमुखांकडून घ्या.